दिंडीचा धनी कोण?

ज्येष्ठ लागला की गावोगावच्या दिंड्यांची लगबग सुरू होते. भिशीचे पैसे गोळा होतात, ट्रक ठरतो, तंबूंच्या कनाती उन्हात घालून पाहिल्या जातात, मृदंगाला नवी शाई चढते. त्याच सुमारास ठिकठिकाणी आणखी एक गोष्ट सुरू होते. तिच्याविषयी कोणी उघड बोलत नाही. यंदा वीणा कोणाच्या गळ्यात? पावतीपुस्तकावर सही कोणाची? दिंडीचे नाव कोणाच्या नावाने चालायचे? मागल्या वर्षी एका पंगतीत जेवलेली माणसे या वर्षी एकमेकांना न सांगता दोन निराळ्या ट्रकांची चौकशी करताना दिसतात. एकीच्या दोन दिंड्या होतात आणि दोन्हीकडे टाळकरी अपुरे पडतात. हा प्रकार आम्ही अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि वाचकांनीही पाहिला असेल. म्हणून या महिन्यात पुढे चालणारा आणि मागे चालणारा यांचे नाते काय, या एकाच गोष्टीचा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

आता प्रथम शब्दच घ्या. आपल्याकडे ‘दिंडीमालक’ म्हणण्याची वहिवाट आहे. सोहळ्याचे मालक, फडाचे मालक, असेही म्हणतात. शब्द जुना आहे, मानाचा आहे, आणि त्यात दोष काढावा असे आम्हांस वाटत नाही. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पदरमोड करून वारी चालविली त्यांना समाजाने कृतज्ञतेने दिलेले ते नाव आहे. पण शब्दाला एक खोड असते. तो मानाचा म्हणून आत येतो आणि हळूच सातबाऱ्यावर जाऊन बसतो. शेताचा मालक शेत विकू शकतो. दिंडीचा मालक काय विकणार? टाळ ज्याचे त्याचे, पाय ज्याचे त्याचे, भाकरी गावकऱ्यांची, रस्ता सरकारचा, आणि नाम तर कोणाच्याच मालकीचे नाही. मग मालकी राहिली कशाची? विचार केला तर एकाच गोष्टीची राहते. काही कमी पडले तर रात्री झोप कोणाची उडते, त्याची.

दिंडीची रचना पाहा. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, वीणेकरी त्यांच्या संगतीला, आणि मागे डोईवर तुळस व पाण्याची कळशी घेतलेल्या माउल्या. सगळ्यांच्या पुढे कोण चालतो? पताकेवाला. तो दिंडीचा प्रमुख नव्हे. पुष्कळदा तो गावातला एखादा साधा शेतकरी असतो. ज्याला आपण प्रमुख म्हणतो तो वीणेकरी माणसांच्या मध्ये असतो. तेथून त्याला पुढचाही दिसतो आणि मागचाही ऐकू येतो. तो अभंगाचा पहिला चरण उचलतो. पण टाळकऱ्यांनी ध्रुपद धरले नाही तर तो चरण तेथेच पडतो. कितीही गोड गळ्याचा बुवा असो, मागे साथ नसेल तर चार पावलांत त्याचा घसा बसतो. उलट साथ भरदार असली की साधारण आवाजाचा वीणेकरीसुद्धा घाट चढून जातो. दिवे घाटात हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगणे नलगे.

आणि वीणा तरी कोणाची? अखंड नामसप्ताहात वीणा भुईला टेकवीत नाहीत. पहारा बदलतो तेव्हा नवा माणूस येतो, आधी नमस्कार करतो, मग वीणा गळ्यात घेतो. आणि देणारा तिला नमस्कार करून बाजूला होतो. आता ज्या पायांना लोक वाकले ते पाय क्षणात इतरांच्या पायांसारखे झाले. नमस्कार वीणेला होता. आपला संप्रदाय इतक्या साध्या रीतीने फार मोठी गोष्ट शिकवून ठेवतो, आणि आपण मात्र वीणा वडिलोपार्जित घरासारखी वाटून घेऊ पाहतो!

याहून सुंदर गोष्ट माउलींच्या सोहळ्यातील अश्वांची. कर्नाटकातील अंकलीहून शितोळे सरदारांकडून दोन अश्व येतात, हे आपण सर्व जाणतो. एकावर स्वार असतो, त्याच्या हाती जरीपटका. दुसरा माउलींचा. त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. रिंगणात लाखो डोळे ज्याच्याकडे लागलेले असतात, ज्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी म्हातारी माणसेसुद्धा धावतात, त्या घोड्याची पाठ रिकामी! त्या जागी बसण्याची इच्छा होणारे लोक कोणत्याही काळी कमी नव्हते, आजही नाहीत. पण ती जागा भरलेली आहे, माउली तेथे आहेत, अशी सर्वांची भावना. म्हणून ती रिकामी ठेवण्यात सर्वांचे एकमत. ज्याला पुढारपण करायचे आहे त्याने स्वाराचा अश्व पाहावा. स्वार धावतो, घाम गाळतो, पटका सांभाळतो, पण त्याची जागा मानाच्या अश्वावर नाही, हे त्याला ठाऊक असते.

ज्यांनी ही घडी बसविली त्या हैबतबाबांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. संतांच्या पादुका पालखीत घालून पंढरीस नेण्याचा प्रघात तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये सुरू केला. तेव्हा ज्ञानोबा-तुकोबा एकाच पालखीत जात. पुढे देहूकरांच्या वंशात व्यवस्थेवरून वाद उत्पन्न झाले. (पाहा, ही गोष्ट आजची नव्हे!) हैबतबाबा पवार हे साताऱ्याकडच्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी सरदारी केलेले. त्यांनी एकोणिसाव्या शतकात, 1832 च्या सुमारास, माउलींचा सोहळा स्वतंत्रपणे चालविण्यास आरंभ केला. लष्करात वाढलेला हा गृहस्थ. त्याने वारीला शिस्त दिली ती लष्कराचीच दिली: दिंड्यांचे क्रम, रथापुढे कोण, रथामागे कोण, मुक्काम कोठे, चोपदाराचा दंड. पण लष्करातली एक गोष्ट त्यांनी आणली नाही. हुकूम सोडणाऱ्या सेनापतीची जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही. आज बाबा कोठे आहेत? आळंदीच्या महाद्वारात, पायरीपाशी. कार्तिकातल्या माउलींच्या समाधी सोहळ्याचा आरंभ त्या पायरीच्या पूजनाने होतो. लाखो वारकऱ्यांना चालविणारा माणूस लाखो वारकऱ्यांच्या पायांपाशी जाऊन राहिला. पंढरपुरात नामदेवरायांनीही हीच जागा पसंत केली. दोन क्षेत्रे, दोन महाद्वारे, आणि दोन्ही ठिकाणी अग्रणी पुरुष उंबऱ्याशी. हा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही.

परंतु पुढाऱ्याने नम्र असावे एवढे सांगून भागत नाही. नम्रता ही बोलण्याची तऱ्हाही असू शकते. ‘मी तर आपला दास’ असे म्हणत हिशेबाची वही काखेत मारणारेही दास आपण पाहिले आहेत. म्हणून मागच्यांना बोलण्याची सोय हवी, आणि ती रीतीत बसलेली हवी. ही सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. तिचे नाव समाजआरती.

जे कधी तळावर थांबले नाहीत त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. दिवसभराची चाल संपते, पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा असा गजर चाललेला असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. मग चोपदार दंड वर करतो आणि एक आरोळी देतो. क्षणात सगळे शांत. हजारो टाळ एका दंडासरशी थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. त्या निःशब्द तळावर एकाच कोपऱ्यातून टाळ ऐकू येतो, आणि सर्वांना कळते की येथे कोणाचे तरी दुखते आहे. चोपदार तेथे जातो. काय झाले ते ऐकतो. कोणाला जागा मिळाली नाही, कोणाचा क्रम चुकला, कोणाला पाणी पोहोचले नाही, कोणाशी कोणी उद्धटपणे वागले. त्याचा तेथेच विचार होतो, निर्णय होतो, आणि मग तो टाळ थांबतो. हरवले-सापडले पुकारले जाते, उद्याची निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती.

या रीतीत काय काय साधले आहे ते बारकाईने पाहा. पहिली गोष्ट, तक्रार करणाऱ्याला पुढाऱ्याच्या तंबूबाहेर चपला काढून ताटकळत उभे राहावे लागत नाही. पुढाराच त्याच्याकडे चालत जातो. दुसरी, तक्रार सर्वांच्या देखत होते. कानाशी लागून नव्हे. म्हणून खोटी तक्रार करणाराही दहा वेळा विचार करतो, आणि खरी दडपणाराही. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. तक्रार ऐकून होईपर्यंत देवाची आरती थांबते. देव खोळंबतो! एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी ज्ञानोबा माउली तळावर तिष्ठत राहतात, मग आमचे चिटणीस आणि अध्यक्ष कामात आहेत म्हणून भेटत नाहीत हे कोणत्या हिशेबात बसते? आणि आणखी एक. गाऱ्हाणे टाळानेच मांडायचे. दगडाने नव्हे, शिवीनेही नव्हे. ज्या वाद्याने भजन करतो त्यानेच ‘मला दुखते’ हे सांगायचे. दिंडी सोडून निघून जायचे नाही, गोलातच उभे राहायचे.

यावर कोणी विचारील की महाराजांना प्रश्न विचारणे हा गुरुद्रोह नव्हे काय? ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी गुरुसेवेचे केवढे वर्णन केले आहे! शिष्याने गुरूच्या घरची सर्व कामे आपणच व्हावे अशी आवड धरावी, असे त्यांचे सांगणे, मग शंका कशी काढावी? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. ज्याच्याकडून माळ घेतली, ज्याने नामाचा मार्ग दाखविला, त्याच्याविषयीचा भाव निराळा. तंबू, ट्रक, अन्नछत्र आणि भिशी ही व्यवस्था निराळी. एकच व्यक्ती दोन्ही असू शकते, म्हणून घोटाळा होतो. तांदूळ किती आला आणि किती शिजला हे विचारल्याने कोणाचा मंत्र बाटत नाही. आणि गुरुपदाविषयी म्हणाल, तर त्याचीही परीक्षा आपल्याच परंपरेत झालेली आहे.

गोरोबाकाकांची ती कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो, पण तिचा हा पैलू क्वचित सांगितला जातो. तेरला संतमेळा जमला. मुक्ताबाईने काकांना विचारले, काका, तुम्ही कुंभार, यातली कच्ची मडकी कोणती आणि पक्की कोणती ते सांगा. काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. सगळे गप्प बसले. नामदेवराय रागावले. अहो, देव ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, त्याच्या डोक्यावर थापटणे! काकांनी सांगितले, हे मडके कच्चे. आता त्या मंडळीत सर्वांत नावाजलेला कोण होता? नामदेवच. त्याला कच्चा ठरविले कोणी? एका वयोवृद्ध कुंभाराने, तेही एका पोरीच्या प्रश्नावरून. नामदेवराय रुसले, पंढरीला जाऊन देवाजवळ गाऱ्हाणे केले. देवानेही काकांचीच बाजू घेतली. पुढे काय झाले? नामदेवरायांनी वेगळा फड काढला नाही. ‘खरे संत आमच्याकडे’ अशी दवंडी पिटली नाही. ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि उणे होते ते भरून घेतले. मग त्याच संतांबरोबर पुन्हा नाचले. ज्याला आपल्या माणसांनी कच्चा म्हटल्यावर तो सहन झाला, त्याच्याच मागे पुढे पंजाबापर्यंत लोक चालले.

हे झाले पुढच्यांविषयी. मागच्यांचे काय? येथे आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. वाचकांनी राग मानू नये. पुढारी बिघडतो तेव्हा निम्मे काम मागच्यांनी केलेले असते. आधी आपणच त्याला गादीवर बसवितो, त्याचे पाय धुतो, चौकाचौकात त्याचे हातभर फलक लावतो, आणि त्या फलकावर विठोबा कोपऱ्यात, अंगठ्याएवढा! मग म्हणतो, महाराज फार चढले. अहो, शिडी कोणी धरली होती? तुकोबारायांनी कीर्तनकाराला किती कडक पथ्य सांगितले आहे ते सर्वांना ठाऊक आहे. जेथे कीर्तन करावे तेथले अन्नसुद्धा घेऊ नये. आज आपण कीर्तनकाराचा मोठेपणा त्याच्या पाकिटावरून मोजतो. जो कमी घेतो त्याला आपणच कमी समजतो. असा बाजार आपण मांडला आणि माल महाग झाला म्हणून ओरडत बसलो.

दुसरा दोष आळसाचा. ‘महाराज बघून घेतील’ हे वाक्य भक्तीचे वाटते, पण पुष्कळदा त्याच्याआड स्वतःच्या अंगाला तोशीस नको एवढेच असते. बैठकीला यायचे नाही, वर्गणी उशिरा द्यायची, आणि पंगतीत भात कच्चा राहिला की पहिला आवाज आपला. तिसरा दोष कुजबुजीचा. तळावर टाळ वाजवायचा नाही आणि घरी गेल्यावर पाराशी बसून अठरा अध्याय सांगायचे. समाजआरतीची रीत ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिली त्याने तरी असे करू नये.

आणि मागच्यांच्याही मागे ज्या चालतात त्यांच्याविषयी एक शब्द. तुळस डोईवर घेणाऱ्या, पहाटे सर्वांच्या आधी उठून चूल पेटविणाऱ्या, वाटेत पाणी पाजणाऱ्या माउल्यांना दिंडीच्या बैठकीत किती ठिकाणी बोलावतात? पीठ किती लागते, कोठे पाण्याचा टँकर उशिरा आला, कोणती म्हातारी आजारी आहे, हे त्यांच्याइतके वीणेकऱ्यालाही माहीत नसते. मुक्ताबाईंनी प्रश्न विचारला म्हणून नामदेवराय पूर्ण झाले, हे ज्यांनी कीर्तनात शंभरदा सांगितले त्यांच्याच दिंडीत बाया बैठकीच्या वेळी भांडी घाशीत असतात.

मागे चालणाऱ्याची योग्यता केवढी असू शकते हे पाहायचे तर संताजी जगनाडे यांना पाहावे. चाकणचा तेली, तुकोबारायांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबा अभंग बोलत, संताजी लिहून ठेवीत. त्यांच्या हातच्या वह्या आजही आहेत. ‘होय महाराज’ म्हणणारे पुष्कळ असतात. महाराज काय बोलले ते नीट ऐकून जपून ठेवणारा एखादाच.

शेवटी वारसाची गोष्ट, कारण बहुतेक दिंड्या तेथेच फुटतात. प्रमुख देह ठेवतो आणि तेराव्याच्या आत मुलगा, पुतण्या आणि थोरला शिष्य असे तीन वीणेकरी तयार होतात. याचे कारण मरणाऱ्याने जिवंतपणी कोणाला उभे केलेले नसते. विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली आणि 1920 मध्ये ते वैकुंठवासी झाले. मध्ये अवघी तीन वर्षे. एवढ्या अल्प अवधीवर कोणतीही संस्था बुडाली असती. ही शंभरी ओलांडून गेली, कारण बुवांनी आपल्याभोवती नुसते ऐकणारे जमविले नव्हते. बंकटस्वामी, मारुतीबुवा गुरव, लक्ष्मणबुवा इगळे, सोनोपंत दांडेकर ही माणसे त्यांच्या हयातीतच स्वतःच्या पायांवर उभी होती. बुवा ब्रह्मचारी; पुत्र नाही, म्हणून वारसाचा वाद नाही, असे कोणी म्हणेल. पण शिष्यांची भांडणे पुत्रांच्या भांडणांपेक्षा सौम्य असतात असा तर काही अनुभव नाही! गाडगेबाबांनी याहून पुढची वाट धरली. ते कोणाचे गुरू झाले नाहीत आणि कोणाला शिष्य म्हणवून घेतले नाही. गावात शिरले की आधी हातात खराटा, आणि कीर्तनात स्वतः बोलण्यापेक्षा समोरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. लोकांच्या पैशातून एवढ्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण बाबा स्वतः कधी त्यांचे मालक झाले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. 1956 च्या डिसेंबरात बाबा गेले, तेव्हा त्यांच्यामागे वाटून घ्यायला एक मडके, एक काठी आणि अंगावरच्या चिंध्या होत्या.

असो. दिंडीप्रमुखांना आमची एक विनंती आहे. ती मोठी नाही. माउलींची पालखी नवमीला वाखरीस मुक्कामी असते. दुसऱ्या दिवशी दशमी, पंढरी दिसू लागलेली, मन भरून आलेले. पण त्या रात्री तंबूत थोडी सवड असते. हरिपाठ झाल्यावर सगळ्यांना बसवावे, बायकांनाही पुढे बोलवावे, आणि यंदा भिशी किती जमली, ट्रकाला किती गेले, किराण्याला किती, शिल्लक काय, हे कंदिलाच्या नाहीतर विजेच्या दिव्याखाली मोठ्याने वाचून दाखवावे. पुढल्या वर्षी आपल्याआधारे वीणा सांभाळायला कोण शिकत आहे त्याचे नाव सांगावे, आणि त्या रात्री एक प्रहर ती त्याच्या गळ्यात द्यावी. मग कोणाचा टाळ वाजत राहिला तर उठून त्याच्यापाशी जावे. वेळ लागेल. एकादशीची पहाट अजून लांब असते.